मद्दूर वड्याला पहिला दर्जा

म्हैसूरजवळच्या हेब्बाळच्या औद्योगिक वसाहतीत अजून सांगतात, की वनजाक्षी मेडमनं रागाच्या भरात मशीनच्या पोटात गरम फिल्टर कॉफी ओतली, आणि म्हणूनच ते मशीन रामनगरच्या रेशीमकोषांच्या बाजारात चारचौघांत वेडं झालं. गेटवरचा वॉचमन तर लोटा स्टीलचा होता की पितळेचा तेही छातीठोक सांगतो. पंक्चरवाल्याचं म्हणणं वेगळं. कॉफी नव्हेच म्हणे ती, मंतरलेलं पाणी होतं, मेडमच्या माहेराहून बाटलीत भरून आणलेलं.

सगळं खोटं. वनजाक्षीनं मशीनला बोटसुद्धा लावलं नव्हतं. आणि कॉफीचं म्हणाल तर शेवटचा घोटही बशीत ओतून पिणारी बाई ती, दुसऱ्याच्या यंत्रावर कशाला वाया घालवेल? तिला जे काम सांगितलं होतं तेच तिनं केलं. नीट केलं. फार नीट केलं, एवढीच काय ती तिची चूक.

वनजाक्षी मूळची कनकपुऱ्याकडची. घरी रेशमाचे किडे. चंद्रिकेवरून, म्हणजे किडे कोष विणतात त्या बांबूच्या जाळीवरून, कोष उतरले की आई मुलीला समोर बसवायची: स्वच्छ या टोपलीत, डागाळलेले त्या टोपलीत, एकात दोन किडे असलेले जुळे तिसऱ्या टोपलीत. सात वर्षांची असताना ती कोष कानाशी हलवून आतला किडा जिवंत की मेलेला ते सांगे. पुढं इंजिनिअर झाली, म्हैसूरला आली, बावीस वर्षं यंत्रांच्या पोटातलं लिहीत राहिली. आता सत्तेचाळीसची आहे. बुटकी, डोक्याला भरपूर खोबरेल, आवाज इतका मऊ की समोरच्याला वाटतं आपलं चाललंय सगळं.

पण विसरायचं म्हणाल तर नाव नको. शेजारच्यानं गाडी लावायला जागा हवी म्हणून तिच्या कढीपत्त्याची अर्धी बाजू विळ्यानं उतरवली होती. ती तेव्हा हसून म्हणाली, "असू दे, असू दे." चार वर्षांनी त्याच्या मुलीचं लग्न निघालं, दोनशे माणसांचं सांबार, आणि बाजारात नेमका कढीपत्ता नाही. तो पिशवी घेऊन दारात. वनजाक्षीनं तितक्याच मऊ आवाजात सांगितलं, "डिकी उघडून बघा ना सार. आता तिथंच उगवत असेल."

तर अशा बाईच्या वाटेला श्रीवत्स गेला.

ती दोघं जिथं काम करायची ती कंपनी कोष पारखायचं यंत्र बनवत होती. साठ कोषांचा ट्रे कॅमेऱ्याखाली सरकवायचा, यंत्रानं चित्र घ्यायचं, स्वच्छ किती, डागी किती, जुळे किती ते मोजायचं आणि पडद्यावर दर्जा दाखवायचा. आता कॅमेरा ज्या कार्डाला जोडलेला, त्या कार्डाला स्वतःची मेमरी. चित्र आधी तिथं पडतं. तिथून ते संगणकाच्या स्वतःच्या मेमरीत आणल्याशिवाय पुढचं काही मोजता येत नाही. ते आणायचं काम ड्रायव्हरचं. हा ड्रायव्हर म्हणजे कर्नेलमध्ये, संगणकाच्या अगदी गाभ्यात बसणारा प्रोग्रॅम. तो वनजाक्षीनं लिहिला होता. तीन वर्षं त्यावरच होती ती.

मालक पुट्टस्वामी. ते आधी पाण्याच्या पंपांच्या धंद्यात होते, म्हणून त्यांना सगळं पाण्यातून सांगावं लागे.

"सार, कार्ड म्हणजे शेजारीण," वनजाक्षी सांगायची. "पाणी तिच्या नळाला. आपण भांडं घेऊन जायचं, मागायचं, ती भरून देईपर्यंत उभं राहायचं, घरी यायचं. परत जायचं. वेळ पाण्याला लागत नाही सार, उभं राहायला लागतो."

"मग भांडं मोठं न्या की मेडम!"

"तेच केलंय. आधी वाटी होती. मग तांब्या. आता कळशी."

कळशीनं चित्र यायला अर्धा सेकंद लागायचा. पुट्टस्वामींना तो दहाव्या हिश्शावर हवा होता. वनजाक्षीचं म्हणणं असं, की आता भांडं वाढवून भागणार नाही. शेजारणीच्याच नळाला पाइप जोडायचा, तिनं परस्पर आपल्या टाकीत पाणी सोडायचं, टाकी भरली की हाक मारायची. आपण तोवर आपली कामं करायची. खरा वेग त्यात. पण त्याला कार्डाच्या आतली रचना बदलावी लागेल. सहा आठवडे.

"सहा आठवडे?" श्रीवत्स म्हणाला.

हा श्रीवत्स बेंगळूरुहून नुकताच आलेला. एकतीस वर्षांचा. दोन्ही हात पँटच्या मागच्या खिशात घालून टाचांवर डुलत बोलायचा आणि प्रत्येक वाक्याला 'सिंपल आहे सार' असं शेपूट लावायचा. 'सिंपल'मधला 'सिं' नाकातून, 'पल' हवेत सोडून दिलेला.

"मेडम, सहा आठवड्यांत कोषातून पाखरं बाहेर येतील. मग काय पाखरं मोजायची?" डुल, डुल. "बैलगाडी चांगली बनवलीय मेडमनी, मी नाही म्हणत नाही. दसऱ्याच्या मिरवणुकीत हत्तीच्या मागं शोभेल. पण धंद्याला मोटार लागते. सिंपल आहे सार. शनिवार-रविवार द्या मला."

सगळी मीटिंग हसली. पुट्टस्वामी तर डोळे पुसेपर्यंत. कोण किती हसलं हे वनजाक्षीनं मान खाली घालून, वहीत रेघोट्या ओढत, नीट ऐकून ठेवलं.

सोमवारी श्रीवत्सनं करून दाखवलं. चित्र डोळ्याचं पातं लवायच्या आत हजर. टाळ्या. पुट्टस्वामींनी सगळ्यांना खारा भात आणि केसरी भात, म्हणजे तिखट उपमा आणि केशरी शिरा, मागवला.

त्यानं बदलली होती एकच ओळ. संगणक स्वतःच्या मेमरीतून काही वाचतो तेव्हा त्याची एक प्रत हाताशी ठेवतो, म्हणजे पुन्हा लागलं तर लांब जायला नको. घरच्या टाकीच्या बाबतीत ही युक्ती उत्तम. टाकीत काय पडलं ते घरच्यांना ठाऊकच असतं. पण कार्डाची मेमरी आपली नव्हे. तिथं शेजारीण केव्हाही नवं पाणी भरते आणि सांगायला येत नाही. श्रीवत्सनं संगणकाला सांगून टाकलं, की ही मेमरीही आपलीच समज. त्यानं पाणी आणणं लवकर केलं नव्हतं, आणणंच बंद केलं होतं. कालच्या हंड्यातलं ओतायचं आणि म्हणायचं, बघा, किती चटकन आलं!

मग चित्रं जुनी येताहेत हे कुणाला कळलं कसं नाही? कारण तो ट्रे. खरे कोष वास मारतात, दहा दिवसांत त्यांना भोकं पडून पतंग बाहेर येतात. म्हणून कंपनीत एकच ट्रे होता, साठ कोष गोंदानं पक्के चिकटवलेला, वर्षानुवर्षं तोच. सगळ्या चाचण्या त्याच्यावर. तीच साठ डोकी, त्याच जागी. कालचं चित्र आजच्यासारखंच. शिळं की ताजं, ओळखणार कोण?

वनजाक्षीनं ओळखलं ते आकड्यावरून. श्रीवत्सचा वेग तिनं कागदावर मांडला, कार्ड आणि संगणक यांच्यामधली वाट एका सेकंदात जास्तीत जास्त किती वाहू शकते ते शेजारी मांडलं. त्याचा आकडा मोठा निघाला. नळ कितीही सोडला तरी त्यातून मावणार नाही एवढं पाणी येत होतं.

मग तिनं त्याची ती फाइल उघडली. वरच्या बाजूला तिनं तीन वर्षांपूर्वी लिहिलेली सूचना होती: ही मेमरी कार्डाची आहे, हिची प्रत ठेवून वाचू नये, चित्र शिळं येईल. ती सूचना गेली होती. तिच्या खाली लेखिका म्हणून तिचं नाव होतं, तेही गेलं होतं. तिथं आता श्रीवत्स.

तिनं त्याला एकट्यालाच मेल लिहिला. चार ओळी, आकडे, आणि शेवटी 'कृपया तपासून पाहावे'. उत्तर आलं ते अख्ख्या कंपनीला: "वनजाक्षी मेडम, मोटार पुढं गेली की बैलगाडीला धूळ खावी लागतेच. आता तरी जळू नका. सिंपल आहे."

दुपारी पुट्टस्वामींनी बोलावलं. ते पंख्याकडं बघत बोलले, म्हणजे वाईट बातमी.

"असं आहे मेडम... पुढच्या गुरुवारी रामनगरला यंत्र दाखवायचंय. तिथं ते पास झालं की ड्रायव्हरचं सगळं श्रीवत्सच बघेल. तुमचा करार या महिनाअखेरीला... आता बघा, नवीन मुलं आहेत..."

"आणि पास नाही झालं तर सार?"

"अय्यो, असं अभद्र बोलू नका! गुरुवारी तुम्हीही चला. ट्रे द्यायला कुणीतरी लागेल. कोषांचं तुम्हाला कळतं."

दारात श्रीवत्स उभा होताच. "हो मेडम, ट्रे उचला. आता तेच तुमचं डिपार्टमेंट."

वनजाक्षी घरी आली, लोटाभर कॉफी केली, बशीत ओतून प्याली. एकदा सांगून झालं होतं. दुसऱ्यांदा सांगण्याचा पगार तिला मिळत नव्हता. बावीस वर्षांचं काम, त्यावरचं नाव आणि महिनाअखेरची खुर्ची, तिन्ही आता गुरुवारवर होती. आणि ट्रे तिच्या हातात होते. त्या मूर्ख श्रीवत्सनं स्वतःच्या तोंडानं दिले होते.

बुधवारी तिनं कॉरिडॉरमध्ये श्रीवत्सला गाठलं. साखर विरघळावी तसा आवाज. "सार, एक सुचवू का? उद्या संगणकावर बाकीचे प्रोग्रॅम बंद ठेवा. तुमचा वेग आणखी उठून दिसेल."

बाकीचे प्रोग्रॅम चालू असले की हाताशी ठेवलेल्या प्रतीला जागा उरत नाही, ती हुसकली जाते, आणि संगणकाला झक मारत कार्डाकडं जाऊन ताजं चित्र आणावं लागतं. कंपनीत एक-दोनदा तसं झालंही होतं. वेग मध्येच पडला, तेव्हा श्रीवत्स 'केबल ढिली आहे' म्हणाला होता. उद्या श्रीवत्स तसा नशिबानंही वाचू नये एवढी काळजी वनजाक्षी घेत होती.

"बघा मेडम," श्रीवत्सनं डुलत तिच्या खांद्यावर थोपटलं, "असं टीममध्ये राहायचं. थँक्यू हां."

त्या थोपटण्याचंही तिनं लिहून ठेवलं असणार, कुठंतरी आत.

गुरुवारी सकाळी कोष बाजार कोषांनी पांढरा-पिवळा झाला होता. लिलाव उरकत आलेला. व्यापाऱ्यांच्या वतीनं यंत्र पारखायला इनायतुल्ला साब बसले होते. चाळीस वर्षं कोष विकत घेणारा माणूस, पांढरी दाढी, कानात अत्तराचा बोळा, हातात कागदात गुंडाळलेला मद्दूर वडा, कांद्याचा चपटा, कुरकुरीत. येताना रेल्वेगाडीतच घेतलेला, निम्मा खाल्लेला. त्यांनी मान हलवली तर बाजार यंत्र घेणार, नाही हलवली तर नाही.

वनजाक्षीनं बाजारातलेच कोष ट्रेमध्ये मांडले. पहिला ट्रे शुभ्र, टपोऱ्या कोषांचा. यंत्र सुरू व्हायच्या आधीच तिनं तो कॅमेऱ्याखाली सरकवून ठेवला.

"सुरू करा सार."

टिंग. पडद्यावर साठ शुभ्र कोष. पहिला दर्जा. पहिल्यांदा थोडा वेळ लागला, पण श्रीवत्स म्हणाला, "आता वेग बघा! सिंपल आहे साब."

तिनं दुसरा ट्रे दिला. निम्मे डागी, मधे आठ-दहा जुळे. टिंग! खरंच पातं लवलं नाही. पहिला दर्जा.

पुट्टस्वामींनी टाळी वाजवली. इनायतुल्ला साबांनी वाजवली नाही. त्यांनी ट्रेमधला एक कोष उचलला, कानाशी हलवला, नाकाशी नेला आणि वनजाक्षीकडं पाहिलं. "अम्मा, याच्यात तर किडा कुजलाय."

"मला काय कळतंय साब," वनजाक्षी म्हणाली. "मी ट्रे उचलणारी."

"ते... एखाद्या कोषाला होतं साब, कॅमेऱ्याचा कोन," श्रीवत्स म्हणाला. "पुढचा द्या मेडम, पुढचा!"

पुढचा ट्रे तिनं सावकाश आणला. दोन्ही हातांवर, आरतीचं ताट धरावं तसा. कॅमेऱ्याखाली ठेवला. त्यात काहीच नव्हतं.

टिंग! साठ कोष. डागी शून्य. जुळे शून्य. पहिला दर्जा.

लिलावाच्या घंटेचा आवाज लांबून येत राहिला. इनायतुल्ला साबांनी रिकाम्या ट्रेमध्ये हात फिरवला, मग पडद्याकडं पाहिलं, मग आपला अर्धा मद्दूर वडा कागदातून काढून ट्रेच्या बरोबर मध्यावर ठेवला.

"हां. आता बघू."

टिंग! ताटात वडा, पडद्यावर साठ शुभ्र कोष. पहिला दर्जा.

जो हशा उसळला तो पार पलीकडच्या वजनकाट्यापर्यंत गेला. "सार, हे यंत्र आहे की मंत्री?" इनायतुल्ला साब पुट्टस्वामींना म्हणाले. "येईल त्याला पास करतंय! माझा नातू दहावीला तीनदा बसलाय, त्याला ठेवू का खाली?"

"केबल... केबल ढिली आहे," श्रीवत्स म्हणाला. हात मागच्या खिशातून बाहेर आले होते आणि कुठं ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. "दोन मिनिटं साब. मी, ते, बेसिकली..."

"सिंपल नाहीये का सार?" वनजाक्षीनं विचारलं. 'सिं' नाकातून, 'पल' हवेत सोडून. डोळे भाबडे.

पुट्टस्वामींचा चेहरा उकडलेल्या बीटसारखा झाला. "मेडम, काहीतरी करा! देवाशप्पथ, काहीतरी करा!"

"मी सार? मी बैलगाडीवाली. लावू का बैलगाडी?"

तिनं पर्समधून आपला जुना ड्रायव्हर काढला, पेन ड्राइव्हवर होता. घालायला चार मिनिटं लागली. घाई नव्हतीच तिला. तेवढा वेळ श्रीवत्सला तिथंच उभं राहावं लागलं. वडा तसाच ट्रेमध्ये. अर्धा सेकंद गेला. पडद्यावर वडा आला, कांद्याच्या कडांसकट. कोष शून्य. मग डागी ट्रे: तेहेतीस डागी, नऊ जुळे, तिसरा दर्जा. इनायतुल्ला साबांनी बोटांनी मोजून पाहिलं. तेहेतीस. नऊ.

"याला वेळ जरा जास्त लागतो साब," पुट्टस्वामी घाम पुसत म्हणाले. "अर्धा सेकंद."

"अर्धा सेकंद? अहो, मी शिंकतो तरी त्याहून जास्त वेळ लागतो." साबांनी मान हलवली. "हेच द्या. आणि ही अम्मा आहे ना, बोलायला हिलाच पाठवत जा."

परत येताना मद्दूरला गाडी थांबली. वनजाक्षीनं एकच वडा मागवला आणि श्रीवत्सच्या पुढं सरकवला. "खा सार. पहिल्या दर्जाचा आहे."

करार वाढला, आणखी तीन वर्षांसाठी. सहा आठवडेही मिळाले. पाइप जोडला गेला, कार्ड आता परस्पर संगणकाच्या मेमरीत चित्र ओततं आणि हाक मारतं. दहावा हिस्सा कुठला, त्याहून कमी वेळ. इथं सूड संपला असं तुम्हाला वाटेल. पुट्टस्वामींनाही वाटलं.

पण या प्रोग्रॅम लिहिणाऱ्या लोकांच्यात एक रीत आहे. कोणती ओळ कुणी, कुठल्या दिवशी बदलली, याची नोंद कायमची राहते. आणि चूक दुरुस्त केली की दुरुस्तीच्या चिठ्ठीत लिहायचं, हे मुळात कुणाच्या कुठल्या बदलानं मोडलं होतं. ड्रायव्हर सगळ्या जगाला बघायला खुला करायचा ठरला तेव्हा वनजाक्षीनं ती चिठ्ठी लिहिली. शांतपणे, एकही वाईट शब्द न वापरता. काय बदललं, चित्र शिळं का येत होतं, रिकाम्या ट्रेला काय दर्जा मिळाला, वड्याला काय मिळाला. आणि खाली श्रीवत्सचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, तारखेसकट.

श्रीवत्सनं दरम्यान बेंगळूरुच्या एका मोठ्या कंपनीत अर्ज केला होता. तिथले लोक असल्या नोंदी वाचतात. रविवारी सकाळी तो कुवेंपुनगरला वनजाक्षीच्या दारात आला. हातात म्हैसूर पाकचा डबा, डुलणं नाही, पहिल्याच वाक्यात 'अक्का'.

आम्ही त्यांच्याच खालच्या मजल्यावर राहतो, आणि आंटींकडून ऐकलेल्या माणसांच्या नकला करणं हा माझा छंद. जिन्यात बसलं की वरचं सगळं ऐकू येतं. तो गेटमधूनच 'अक्का' म्हणत शिरला तेव्हा वनजाक्षी आंटी गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या, आणि मी त्यांच्याशी पैज लावली: तुम्ही विरघळणार. एवढं तूप, शिवाय अक्का. जिंकले तर त्यांची स्कूटर मला शिकवायची. हरले तर आठ दिवस कुणाचीही नक्कल करायची नाही, आरशासमोरसुद्धा नाही.

"अक्का, फक्त नाव," वरून आवाज आला. "बाकी सगळं राहू द्या. नाव तेवढं काढा. चिठ्ठी बदलता येते, तुमच्याच हातात आहे."

"बसा ना. कॉफी घ्या."

कॉफी झाली. डबा उघडल्याचा आवाज झाला. आंटींनी एक तुकडा खाल्ला असावा, कारण 'छान आहे' म्हणाल्या. मला वाटलं, जिंकले.

"श्रीवत्स," त्या म्हणाल्या, तो कढीपत्त्यावाल्या शेजाऱ्याशी बोलतानाचा मऊ आवाज, "तुम्हाला त्या फाइलवर नाव हवं होतं ना? माझं खोडून तुम्ही स्वतःच्या हातानं घातलंत. आता ते खोडलं तर मी तुमच्यासारखी होईन. राहू दे. शोभतंय."

तो जिना उतरला. माझ्या शेजारून जाताना स्वतःशीच पुटपुटत होता, "एवढं काय, सिंपल गोष्ट होती..." 'सिं' नाकातून. माझ्या जिभेच्या टोकाशी आलं होतं. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. वर कठड्याला टेकून आंटी बघत होत्या, तोंडात म्हैसूर पाकचा दुसरा तुकडा.

"आठ दिवस," त्या म्हणाल्या. "आजचा धरून नाही."